डुप्लेक्स आणि माळा

शनिवारी सकाळी आई-बाबांना घेऊन पनवेलला एक डुप्लेक्स बघून आलो. जुन्या पनवेलला बरं का, नव्या नाही. 1852 सालची नगरपालिका (2016 पासून महानगरपालिका), तळी आणि मोडकळीला आलेले वाडे असलेलं पनवेल. असाच एक वाडा पाडून ही बिल्डिंग उभी राहिलीये. खाली हॉल, किचन, एक बेडरूम आणि आतूनच जिना वरच्या दोन खोल्यांकडे.

"सोळाशे स्क्वेअर फूट, सर," ब्रोकर म्हणाला. कार्पेट किती, विचारल्यावर त्याला नेमका फोन आला :) मग मी टेप काढली. अकराशेच्या आसपास भरलं. 2017 पासून बिल्डरला कार्पेटवरच विकावं लागतं, पण रीसेलच्या गप्पांमध्ये सुपर बिल्ट-अप अजून ठणठणीत जिवंत आहे. वरच्या खोल्या मंजूर नकाशात खोल्या म्हणूनच आहेत का गच्ची म्हणून, तेही बघायचंय. टॉप फ्लोअरच्या डुप्लेक्समध्ये हा घोळ फार असतो. नकाशा मागितलाय.

पण खरं सांगू? आवडला. बाल्कनीतून तळ्याचा कोपरा दिसतो. वर माझं टेबल लावलं तर रात्री अकराचे कॉल कोणाची झोप न मोडता होतील, इथपर्यंत मनात मांडामांड झाली. आईने मात्र एक हात गुडघ्यावर ठेवून जिन्याकडे पाहिलं. "वर झोपाला कोन जाल रे?" बाबा काहीच बोलले नाहीत.

आता पैशांचं. माझ्या पगारावर जेवढं लोन मिळतं त्यात हा फ्लॅट बसत नाही. ब्रोकरकडे उत्तर तयार होतं, "चिरनेरला जागा आहे ना तुमची? मग टेन्शन काय?"

आमचं गाव चिरनेर, आता उरण तालुक्यात. ऑफिसात कोणाला सांगितलं की "अरे, अटल सेतू उतरतो ते?" नाही हो, ते चिर्ले. मार्च 2024 मध्ये सरकारने उरण, पनवेल आणि पेणमधली 124 गावं मिळून 'कर्नाळा-साई-चिरनेर' नवनगर जाहीर केलं. ऑक्टोबरात ते एमएमआरडीएकडे गेलं. गावोगावी हरकती गेल्या, आणि तरी शेताच्या बांधावर पांढऱ्या गाड्या उभ्या राहू लागल्या. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी म्हटलं असतं, विका की, भात परवडतंय कुठे?

पनवेलहून तसेच गावी गेलो. बाबांचा नियम, घरी जायच्या आधी गणपतीचं देऊळ. तिथल्या लोखंडी गजाला बंदुकीच्या गोळीचं भोक आहे. 25 सप्टेंबर 1930 ला अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला. आठ सत्याग्रही गेले, आमच्या गावचे धाकू गवत्या फोफेरकर आणि नवशा महादेव कातकरी त्यातलेच. मामलेदार जोशीही त्याच गोळीबारात गेले. शाळेत असताना दर 25 सप्टेंबरला मानवंदनेला आम्ही उन्हात उभे असायचो, आणि माझं लक्ष नंतर मिळणाऱ्या खाऊवर. लाकूडफाटा आणि गवत, एवढ्यासाठी माणसं माळावर गेली होती. मी तिथेच उभा राहून मोबाईलवर ईएमआय कॅल्क्युलेटर उघडला होता. बाबांनी पाहिलं असावं. असो.

घराला माळा आहे. म्हणजे डुप्लेक्सच म्हणा, फक्त जिन्याऐवजी शिडी. पूर्वी वर भाताच्या कणग्या असायच्या, आता जुन्या गाद्या आहेत. बाबा बासष्टचे, मी नको नको म्हणेपर्यंत शिडी चढले आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन उतरले. आत सातबारा.

"तूच वाच," म्हणाले.

नऊ नावं आहेत. बाबा, दोन काका, वारलेल्या काकांची मुलं. आणि तीन आत्या, ज्यांची नावं आहेत हे मला आज पहिल्यांदा कळलं. धाकटी आत्या दर दिवाळीला स्वतः येऊन याच शेताच्या तांदळाची पिशवी घेऊन जाते.

"तिला तू विचारशील?" बाबांनी विचारलं.

ब्रोकरचे तीन मिस्ड कॉल आहेत. आत्याकडे उद्या सकाळी जातोय.