येतील

डोंबिवलीच्या एका शाळेत मी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. मराठीत ‘येईन’ म्हटलं की क्रियापदच भविष्यकाळाचं रूप घेतं. इंग्रजी क्रियापदाला असं रूपच नाही, म्हणून ते सहायक क्रियापद जोडीला घेतं. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा असणं, ‘शॅल’चा देणं लागणं. ‘मे’ म्हणजे शक्यता, ‘माइट’ बहुधा त्याहून अंधुक.

लेक अमेरिकेतून फोनवर म्हणते, "आई, दिवाळीला वी माइट कम." शेजारीण विचारते तेव्हा मी म्हणते, "येतील." मराठीतलं ‘येतील’ खात्रीनंही म्हणता येतं, नुसत्या अंदाजानंही. त्यात माझी आशा मावते आणि लेकीवर वचनाचं ओझंही पडत नाही. चकलीची भाजणी मात्र मी जास्तीचीच दळून आणते.