बेल्ग्रेव्ह रोडची हळद

लेस्टरला पाहुणे आले की आम्ही त्यांना पहिल्या दिवशी बेल्ग्रेव्ह रोडवर नेतो. कॅथीड्रल, रिचर्ड राजाची कबर वगैरे दुसऱ्या दिवशी. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आपली माणसं हाकलली, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तिथल्या वर्तमानपत्रात चक्क 'इकडे येऊ नका' अशी जाहिरात दिली होती. ती न जुमानता जे आले, त्यांच्यामुळे आज आम्हाला या रस्त्यावर कढीपत्ता मिळतो, गव्हला मिळतो, आणि २००९ पासून गांधीजींचा पुतळाही भेटतो.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीहून अप्पा आले. सांगलीचा माणूस हळदीच्या बाबतीत कोणाचं ऐकत नाही. दुकानात त्यांनी चिमूटभर हळद तळहातावर चोळली, हुंगली आणि म्हणाले, "ही राजापुरी नव्हे." मग हरिपूरची पेवं, जमिनीखाली वर्षानुवर्षं टिकणारी हळद, असं बरंच काही दुकानदाराला ऐकावं लागलं.

शेजारच्या फळीवर हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल होत्या, काळी मिरी घातलेल्या. अप्पांचे गुडघे दुखतात म्हणून आम्हीच दोन बाटल्या घेतल्या. सांगलीकराला हळदीच्या गोळ्या! आम्हाला तेव्हा त्यात फक्त गंमतच दिसली. अप्पा वॉर्फरिन घेतात, रक्तात गुठळी होऊ नये म्हणून, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण हळद म्हणजे काय औषध आहे?

तिसऱ्या आठवड्यात रक्ततपासणीत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, जो दोन ते तीनमध्ये हवा, तो पाचाच्या पुढे गेला. नर्सबाईंनी विचारलं, नवीन काही सुरू केलंय का? आम्ही ठामपणे "नाही" म्हणालो. दोन रात्री आम्ही अप्पांच्या खोलीबाहेर कानोसा घेत काढल्या. शेवटी बाटली आठवली ती आमच्या मुलीला. गोळ्या बंद केल्यावर आकडा खाली आला. दोष त्यांचाच होता हे एका घटनेवरून सिद्ध होत नाही, पण न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ सालीच असा इशारा दिला होता.

मग वाचायला बसलो आणि कळलं की हळदीवरचं मोलाचं काम आमच्याच गावात, लेस्टर विद्यापीठात झालंय! २००४ साली त्यांनी कॅन्सरच्या १५ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. रोज ३.६ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन देऊनही रक्तात ते नावापुरतंच सापडलं. आतडं आणि यकृत त्याला लगेच दुसऱ्या रूपात बदलून टाकतात. आतड्याच्या अस्तरापर्यंत मात्र ते पोचतं, म्हणून त्यांचा रोख मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर. पुढे २८ रुग्णांच्या एका चाचणीत काहींना केमोथेरपीबरोबर रोज २ ग्रॅम दिलं. २०१९ च्या निकालात ते रुग्णांना झेपतं एवढं दिसलं. गुण किती, हे सांगायला एवढे रुग्ण पुरत नाहीत.

इंजिनिअरची खोड, हिशेब केला. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. म्हणजे २ ग्रॅमसाठी सुमारे ६५ ग्रॅम हळद, वीसबावीस चमचे! आमच्या आमटीत पडते पाव चमचा. शिवाय मिरीतलं पिपरीन यकृताचं हे काम मंदावतं. बंगलोरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की त्यामुळे कर्क्युमिन रक्तात सुमारे वीसपट शिरतं. काही औषधांचंही तेच होतं. आजीच्या दुधातली हळद आणि आमची बाटली यांत नाव तेवढं एक.

अप्पांना हे पटेना. "अरे, १९९७ साली माशेलकरांनी अमेरिकेचं पेटंट रद्द करून घेतलं ते उगाच?" उगाच नाहीच. मिसिसिपी विद्यापीठाला १९९५ साली मिळालेलं ते पेटंट जखमेवर हळद लावण्याचं होतं, आणि ती आपण पिढ्यान् पिढ्या लावत आलोय. पण अर्क काढून, मिरी घालून, वॉर्फरिनवर गिळणं कुठल्या पिढीने केलं होतं?

अप्पा यावर काही बोलले नाहीत. परत जाण्याआधी त्यांनी औषधांची यादी नव्याने लिहिली. शेवटची ओळ त्यांच्या वळणदार अक्षरात: 'हळद, फोडणीपुरती. राजापुरी.'