घर कोणाच्या नांवावर?

घर घ्यावयाचें म्हणजे कोठें घ्यावयाचें आणि केवढ्यास घ्यावयाचें, एवढेच दोन प्रश्न असतात, अशी माझी पुष्कळ वर्षांची समजूत होती. यंदा आमच्या मुलीनें व जावयांनीं नाशकांत घर घेण्याचें मनावर घेतलें, तेव्हां एका वकील स्नेह्यांनीं तिसराच प्रश्न विचारला. "घेणार म्हणजे नक्की काय घेणार?" सारा जन्म इंग्रजी काव्य शिकविण्यांत गेलेल्या मला तो प्रश्न तत्त्वज्ञानांतला वाटला. वकिलांनीं समोर कागदांची चळत ठेवली, तेव्हां माझा भ्रम फिटला.

माझें बालपण भद्रकालीकडून गंगेला उतरणाऱ्या एका गल्लींतील वाड्यांत गेलें. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतों.) दोन खोल्या, एक ओटी, आणि चौकांतील नळावर सर्वांचा समान हक्क व म्हणूनच नित्याचें भांडण. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडें गोठलेलें होतें. तें इतकें थोडें होतें कीं मागावयास येतांना मालकच ओशाळत. दुरुस्ती अर्थातच कोणी करीत नसे. आणि मालक तरी कसले? मालमत्ता पत्रकावर त्यांच्या घराण्यांतील अकरा नांवें होतीं, आणि त्यांतले दोघे केव्हांच दिवंगत झालेले. माझी आई मात्र चाळीस वर्षें त्या दोन खोल्यांस "आमचें घर" म्हणत आली. तिचें नांव ना मालमत्ता पत्रकावर होतें, ना भाडेपावतीवर. वडील गेल्यावर पावती थोरल्या भावाच्या नांवें झाली; तिला विचारावें, हें आम्हां कोणाच्या मनांतहि आलें नाहीं.

मुलीपुढें तीन पर्याय होते. मखमलाबादच्या बाजूस बिगरशेती भूखंड घेऊन बंगला बांधावा. इंदिरानगरच्या अंगास एक जुनें रो-हाऊस होतें, तें घ्यावें. किंवा पाथर्डी फाट्याजवळ उभ्या राहणाऱ्या इमारतींत सदनिका घ्यावी. चौथा पर्याय एका नातलगांनीं आणला होता. शेतजमिनीचे दोन गुंठे, अगदीं स्वस्तांत! शेतकरी नसलेल्यानें परवानगीवांचून शेतजमीन घेणें 1948 च्या कुळकायद्यास मान्य नाहीं, हें वकिलांनीं सांगतांच ते चहा न घेतांच उठले.

भूखंडाचें सुख असें कीं जमीन आपली, सातबारा आपल्या नांवें. पण त्या उताऱ्यावर "भोगवटादार वर्ग 2" हीं अक्षरें असलीं तर ती विकतांना सरकारची परवानगी लागते, हें मला या वयांत कळलें. रो-हाऊसला पुढें फाटक, मागें परस. त्यामुळें तें मोठें स्वतंत्र दिसतें. कागद पाहतां त्या ओळींतील आठहि घरांची जमीन एकत्र, अविभक्त निघाली. भिंतीहि समाईक. म्हणजे आमचा वाडाच तो, नळ तेवढे निराळे!

उरली सदनिका. तिच्याहि दोन जाती आहेत. सहकारी संस्था असेल, तर जमीन व इमारत संस्थेची होते आणि आपण तिचे भागधारक सभासद असतों. 1915 सालीं मुंबईंत गांवदेवीस श्रीपाद सुब्बराव तलमकी यांच्या पुढाकारानें सारस्वत मंडळींनीं जी गृहसंस्था काढली, तिच्यापासून ही वाट आपल्याकडे रुळली आहे. उलट 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालीं सदनिका ज्याची त्याची, आणि जमिनींत, जिन्यांत, गच्चींत प्रत्येकाचा ठराविक टक्के हिस्सा. तो घोषणापत्रांत लिहिलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्हींचा जिना सारखाच दिसतो.

हें ऐकून मी मोठ्या ऐटीनें म्हटलें, "आमची सहकारी संस्था आहे." वकिलांनीं शांतपणें विचारलें, "जमिनीचें खरेदीखत संस्थेच्या नांवें झालें आहे ना?" गंगापूर रोडवरील ही सदनिका मीं 1996 सालीं घेतली. पहिल्या हप्त्यास सौभाग्यवतीच्या पाटल्या गेल्या. इतकीं वर्षें तेथें सुखानें राहिलों, वार्षिक सभेंत पाण्याच्या टाकीवर व्याख्यानें दिलीं. परंतु त्या जमिनीचा उतारा मीं कधीं पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशीं तो काढला. जमीन अजून मूळ मालकाच्याच नांवें! 1963 च्या कायद्याप्रमाणें ती संस्थेस करून देणें बांधणाऱ्या गृहस्थांचें काम होतें. तें त्यांनीं केलें नाहीं आणि आम्ही अठ्ठावीस बिऱ्हाडांनीं विचारलें नाहीं. इमारत म्हातारी होऊन पाडावयाची वेळ आली, तर आम्ही नवें घर बांधणार तें कोणाच्या जमिनीवर? 2008 च्या दुरुस्तीनें अशा संस्थांस मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला केला, म्हणजे बांधणारा सहकार्य करीत नसला तरी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून जमीन मागतां येते. हा मार्गहि इतकीं वर्षें आमच्या दारावरून जात होता.

मुलीनें अखेर पाथर्डी फाट्याची सदनिका निवडली. 2016 च्या रेरा कायद्यामुळें तिला एवढें तरी पाहतां आलें कीं प्रकल्प नोंदलेला आहे आणि सांगितलेलें क्षेत्रफळ भिंतींच्या आंतलें, चटईचें आहे. आमच्या वेळीं जिना, गच्ची, सारें त्यांत मिळविलेलें असे. मीं पैसे 900 चौरस फुटांचे दिले, आणि परवां फीत लावून मोजलें तों 680 भरले.

नांवाचा प्रश्न मात्र निराळाच निघाला. 2021 पासून महाराष्ट्रांत राहतें घर केवळ स्त्रीच्या नांवें घेतल्यास मुद्रांक शुल्कांत एक टक्का सवलत मिळते; नवऱ्याचें नांव जोडलें कीं ती जाते. हें जावयांनींच सांगितलें आणि म्हणाले, "तिच्याच नांवें करूं." व्याह्यांचा चहाचा कप ओठांपाशीं थांबला. किती वाचतात, असें त्यांनीं विचारलें. साठ लाखांवर साठ हजार. मग त्यांनीं चहा घेतला.

त्या रात्रीं सौभाग्यवती म्हणाली, "अहो, आपल्या घरावर माझें नांव आहे का?"

"नामनिर्देशन तुझेंच आहे," मीं म्हटलें.

"नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, असें वकीलसाहेब म्हणत होते. मी चहा घेऊन आलें, तेव्हां."

कपाट उघडून भागदाखला काढला. त्यावर एकच नांव होतें, माझें. मला पाटल्या आठवल्या, आणि आईहि आठवली.

राहतें घर पतीनें पत्नीस बक्षीस दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क अवघें 200 रुपये आहे. इतर आकार निराळे. अर्ध्या हिश्श्याच्या बक्षीसपत्राचा मसुदा वकिलांनीं तयार केला. सौभाग्यवतीनें चष्मा लावून तो दोनदां वाचला आणि विचारलें, "पण खालची जमीन?" मानीव अभिहस्तांतरणाच्या अर्जासाठीं उद्यांपासून बिऱ्हाडोबिऱ्हाडीं जाऊन सह्या गोळा करावयाच्या आहेत. पहिल्या दोन मजल्यांचें काम तिनें स्वतःकडे घेतलें आहे.