व्हिएन्ना ते व्हेनिस, व्हाया आई

सकाळी दहाच्या ठोक्याला तत्काळसाठी बोटं परजून बसणाऱ्या पब्लिकला ट्रेनचं बुकिंग काय शिकवायचं? वेटिंग, आरएसी, चार्ट... आपण यातले पीएचडी! पण युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी ट्रेन बुक करायला बसा, ही सगळी डिग्री घडी घालून कपाटात ठेवावी लागते. तिकडे वेटिंग लिस्ट हा प्रकारच नाही. आणि स्वस्त तिकिटांचं भाडं विमानासारखं, जागा भरत जातील तसं चढत जातं.

गेला महिनाभर मी अशाच एका प्रवासाच्या मागे आहे. व्हिएन्ना ते व्हेनिस. निमित्त आई. मागच्या वर्षी ती शाळेतून रिटायर झाली आणि तिनं जाहीर केलं, मला व्हेनिस बघायचंय. कारण? 1979 चा ‘द ग्रेट गॅम्बलर’ आणि गोंडोल्यात बसलेले अमिताभ-झीनत अमान! पैसे तिचे, गुडघे तिचे, स्वप्नही तिचंच. माझ्याकडे डिपार्टमेंट फक्त बुकिंगचं. व्हिएन्नात मैत्रिणीकडे उतरायचं आणि तिथून ट्रेननं पुढे, एवढं ठरलं.

आधी व्हिसा की आधी तिकीट?

खरी गोची इथे आहे. आपल्याकडे नोव्हेंबर 2024 पासून बुकिंग 60 दिवस आधी उघडतं. ऑस्ट्रियन रेल्वे, म्हणजे ओबीबी, बऱ्याच गाड्यांची तिकिटं साधारण सहा महिने आधीपासून विकते. (डिसेंबरच्या मध्यावर युरोपभर टाइमटेबल बदलतं, त्यामुळे त्यापुढच्या तारखा उशिरा दिसू लागतात. घाबरू नका.) लवकर येणाऱ्याला ‘स्पारशिने’ नावाचं स्वस्त तिकीट मिळतं. पण अट अशी, की ते त्याच गाडीला चालतं आणि कॅन्सल केलं तर सर्वसाधारणपणे पैसे परत नाहीत.

ऑस्ट्रिया आणि इटली दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे व्हिसा एकच. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथून आत शिरणार त्याच्याकडे. निकाल साधारण 15 दिवसांत, पण कधीकधी 45 दिवसही लागू शकतात. आता करा हिशेब. व्हिसाची वाट पाहिली तर स्वस्त तिकिटं उडतात. आधी तिकीट काढलं आणि व्हिसा नाकारला, तर पैसे पाण्यात.

मी बरेच दिवस घासाघीस केली. तरुण पोरांचा ग्रुप असता तर बिनधास्त तिकीट काढलं असतं. पण आईच्या ग्रॅच्युइटीवर जुगार खेळायचा नाही, हे ठरवलं. ग्रेट गॅम्बलर पडद्यावरच बरा! मग क्रम असा लावला: हॉटेल फुकट कॅन्सल होणारं, व्हिसाचा अर्ज लवकरात लवकर, आणि पासपोर्ट हातात आला त्याच संध्याकाळी तिकीट. चार युरो जास्त गेले, पण झोप शाबूत राहिली.

रात्र की दिवस?

ओबीबीची ‘नाइटजेट’ ही रात्रीची गाडी आहे. 2016 मध्ये जर्मन रेल्वेनं स्लीपर गाड्या बंद केल्या, तेव्हा ऑस्ट्रियानं त्यातल्या बऱ्याचशा मार्गांवर हा ब्रँड उभा केला. बसायच्या सीट, चार किंवा सहा बर्थचे कुशेट, नाहीतर चक्क स्लीपर. बायकांसाठी वेगळा कंपार्टमेंटही मागता येतो. हॉटेलची एक रात्र वाचते, सकाळी डायरेक्ट व्हेनिस. मी मोठ्या उत्साहानं आईला सांगितलं.

“अगं, एवढ्या लांब जायचं आणि वाटेतलं सगळं झोपेत घालवायचं? झोपायला आपली महालक्ष्मी आहे की!”

विषय संपला. दिवसाची रेलजेट. आणि नकाशा उघडल्यावर पटलं, की आई बरोबर आहे. व्हिएन्नाच्या दक्षिणेला झेमरिंगचा घाट लागतो. 41 किलोमीटरचा हा मार्ग 1854 मध्ये सुरू झाला. म्हणजे आपल्या बोरघाटाहून नऊ वर्षांनी मोठा. काम सुरू झालं तेव्हा हा चढ चढेल असं इंजिनच नव्हतं, म्हणून 1851 मध्ये चक्क इंजिनांची स्पर्धा घेतली गेली. 1998 पासून हा मार्ग युनेस्कोच्या यादीत आहे. आणि तो बांधणारा इंजिनिअर कार्ल फॉन गेगा, तो जन्मला कुठे? व्हेनिसमध्ये!

पुढे ग्राट्झ आणि क्लागेनफुर्टच्या मध्ये 33 किलोमीटरचा कोराल्म बोगदा डिसेंबर 2025 मध्ये सुरू झाला. त्यामुळे या दोन शहरांमधलं अंतर वेगवान गाडीनं 45 मिनिटांवर आलंय. मग फिलाख, सीमेवरचं तारविझिओ, उदिने... आणि शेवटी खाडीवरचा 1846 चा रेल्वे पूल. साडेतीन किलोमीटरहून लांब, दोन्ही बाजूंना पाणी.

बटण दाबण्याआधी

स्टेशनची नावं नीट बघा. ‘वेनेत्झिया मेस्त्रे’ हे मुख्य जमिनीवरचं स्टेशन. बेटावरचं, बाहेर पडताच समोर ग्रँड कॅनॉल दिसणारं स्टेशन म्हणजे ‘वेनेत्झिया सांता लुचिया’. नाव अर्धवट वाचलंत तर कालव्याऐवजी बस स्टॉप दिसेल! व्हिएन्नाचं नाव तिकिटावर ‘विएन’ असं येतं, घाबरू नका.

दुसरं, तिकीट म्हणजे सीट नव्हे. ऑस्ट्रियन रेल्वेच्या बऱ्याच गाड्यांत सीट वेगळी रिझर्व्ह करावी लागते. थोडे युरो वाचवायला जाऊ नका. गुडघेदुखीवाला माणूस बरोबर असेल तर अजिबातच नाही.

तिसरं, पेमेंट. कार्डावरचा इंटरनॅशनल वापर बँकेच्या ॲपमध्ये चालू करून ठेवा, नाहीतर नेमकं शेवटच्या पायरीवर घोडं अडतं. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आणि सीमेवर थांबून शिक्के मारायचा कार्यक्रम नसला, तरी गाडीत तपासणी होऊ शकते. पासपोर्ट सामानात नको, हाताशी हवा.

तिकिटाची पीडीएफ माझ्या मोबाइलमध्ये आहे. आईचा मोबाइलवर विश्वास नाही. तिनं दोन प्रिंट काढल्यात. एक पर्समध्ये, एक देवाजवळ.

आता उरला गोंडोला. व्हेनिसमध्ये त्याचे दर ठरलेले असतात. दिवसा अर्ध्या तासाचे 90 युरो, माणशी नाही, अख्ख्या बोटीचे. बसतात पाच जणांपर्यंत. आकडा ऐकून आई रद्द करेल, असं मला वाटलं होतं. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, “मग काय, आपण दोघी आहोत. आणखी तिघं बघू की स्टेशनबाहेर. शेअर रिक्षाला बघतो तशी!”