टक्क्याची टाइल

"पोर्सेलीन अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, साहेब. भिंतीची सिरॅमिक दहा टक्क्यांच्या वर पिते!" दुकानदार म्हणाला. बँकेत बावीस वर्षं व्याज मोजणारा मी. टक्का कमी म्हणजे माल वाईट, एवढंच शिकलेला. इथं सगळा उलटा हिशेब! सौ.ला न्हाणीघरासाठी चकचकीत पांढरी पसंत पडली. मी बेरजेला बसलो. तेवढ्यात आईनं चप्पल काढली, तांब्यातलं पाणी एका खरखरीत, मातकट टाइलवर ओतलं आणि तिच्यावर उभी राहिली.

"ही घे. पाय धरते. घरात कुणीतरी धरायला हवेत."

गेल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली होती. आमच्या हिशेबात ती नोंदच नव्हती. मातकट टाइल घेतली. बी.कॉम.ला हा विषय नव्हता.