बोहाडा आणि खिशातला कॅमेरा

चांगला व्हिडिओ मोठ्या कॅमेऱ्यानेच होतो, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवण्याच्या उत्सवात, गावातली पोरं फोन उंचावून उभी राहिली की मला ती सोंगांच्या आड येतात असं वाटे. आज मी त्या पोरांच्या बाजूने आहे.

मत फिरलं ते तिथल्याच एका तरुणाने साध्या फोनवर केलेलं चित्रण पाहून. संबळ-पिपाणी वाजते, मुखवटा पुढे येतो, मागे सरकतो, गिरकी घेतो. या पोराला सोंगांची चाल पाठ होती. गिरकी कुठे येणार हे ओळखून तो आधीच त्या बाजूला जाऊन उभा राहिलेला. ही जाण कुठल्याही लेन्ससोबत विकत मिळत नाही.

त्याने मला करूनही दाखवलं. स्क्रीनवर मुखवट्यावर बोट दाबून धरायचं, म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतात. मग बोट किंचित खाली ओढायचं. अंधार दिसला की फोन सगळंच उजळवू पाहतो, आणि त्यात मुखवट्याचा लाल-सोनेरी रंग पांढुरका पडतो. बोट खाली आलं की रंग परत येतो, मागचा काळोख काळोखच राहतो. सेकंदाला 60 फ्रेमचा मोहही त्याने सोडलेला. त्यात एका फ्रेमला उजेड गोळा करायला सेकंदाच्या साठाव्या भागाहून जास्त वेळ मिळतच नाही; टेंभ्याच्या उजेडात 30 फ्रेमच बऱ्या. झूमही नको. बोटांनी झूम केलं की साधा फोन चित्र कापून मोठं करतो, त्यापेक्षा चार पावलं पुढे जावं.

पण खरी कसोटी आवाजाची, असं मला आता वाटतं. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांसारख्या वादकांचा तारपा ज्याने समोर बसून ऐकला, त्याला हे सांगायला नको. भोपळा, बांबू आणि ताडाची पानं यांतून निघणारा तो सूर तुटत नाही. काही फोन मात्र आवाज आपोआप कमीजास्त करतात आणि सलग सूर गोंगाट समजून दाबतात. म्हणून वादकाच्या जवळ, लाउडस्पीकरपासून लांब उभं राहायचं आणि माइकच्या छिद्रावर बोट येऊ द्यायचं नाही. फोन आडवा धरायचा. तारप्याभोवतीचा फेर ऐसपैस असतो. उभ्या रीलमध्ये त्याचे दोन-तीन नाचणारेच उरतात.

एक मत मात्र बदललेलं नाही. सोंग घराण्याकडे परंपरेने चालत आलेलं असतं, त्यामागे नवस असतो, श्रद्धा असते. विचारल्याशिवाय मुखवट्याच्या तोंडाशी फोन नेऊ नये, आणि फ्लॅश तर कधीच लावू नये.

यंदा बोहाड्याला किंवा तारप्याच्या नाचाला जाणार असाल, तर फोनमध्ये जागा करून जा. 4K मध्ये तासाभराचं चित्रण 10 जीबीपर्यंत सहज जातं. एक तरी सोंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबवता टिपा. आणि मूळ फाइल त्या पाड्यावरच्या माणसांना द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबली जाऊन चित्र आणि आवाज दोन्ही खराब होतात.