ख्वाबनामा नव्हे, दुसरं पुस्तक

स्वप्नांचं पुस्तक म्हटलं की आपल्या घरांत ख्वाबनामाच आठवतो. दर्ग्याबाहेरच्या गाळ्यांवर पंजसूरा, टोप्या आणि अत्तराच्या बाटल्यांशेजारी तो मिळतो. साप दिसला तर काय, दात पडला तर काय, सगळं क्रमवार. वर नाव इमाम इब्ने सीरीन यांचं. बसऱ्याचे हे बुजुर्ग हिजरी 110 मध्ये वारले. त्यांच्या नावावर खपणारे ग्रंथ मात्र कितीतरी नंतर जमवले गेले, असं अभ्यासक मानतात. असो. माझ्या भाच्याला ताबीर सांगणारं पुस्तक नको होतं. "मामू, स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे असं कळलं पाहिजे. ते शिकवणारं चांगलं पुस्तक सांग," असं त्याने पुण्याहून फोन करून सांगितलं.

इंग्रजीत याला लुसिड ड्रीमिंग म्हणतात. मी आपला 'भानातलं स्वप्न' म्हणतो. यावर पुस्तकांचा ढीग आहे आणि त्यातली बरीचशी उचलून परत ठेवण्याच्या लायकीची आहेत. एका रात्रीत शिका, सात दिवसांत उडायला लागा, असं मुखपृष्ठावर असेल तर पुढे बघूच नये. पुष्कळांना आठवडे लागतात, काहींना महिने. कार्लोस कास्टानेडाचं 1993 चं पुस्तक कुणीतरी हमखास सुचवतं. वाचायला झकास आहे, पण त्याचा गुरू डॉन हुआन खरोखर होता का यावरच मानववंशशास्त्रज्ञांना शंका. ते कादंबऱ्यांच्या कप्प्यात ठेवावं. न पाहिलेलं स्वप्न पाहिलं म्हणणाऱ्याला कयामतीच्या दिवशी जवाच्या दोन दाण्यांना गाठ मारायला लावतील, अशी बुखारीत हदीस आहे. अशी पुस्तकं चाळताना ती मला फार आठवते.

मग घ्यावं कुठलं? स्टीफन लाबर्ज आणि हॉवर्ड राइनगोल्ड यांचं 1990 चं 'एक्सप्लोरिंग द वर्ल्ड ऑफ लुसिड ड्रीमिंग'. जुनं आहे, इंग्रजी सोपं आहे, आणि मुख्य म्हणजे लाबर्जने आधी सिद्ध केलं, मग शिकवलं. गाढ स्वप्नाच्या झोपेत शरीर लुळं पडलेलं असतं, फक्त डोळे हलतात. तेव्हा झोपणाऱ्याशी आधीच ठरवायचं की स्वप्नात भान आलं की डोळे ठरलेल्या रीतीने डावीकडे-उजवीकडे फिरव. यंत्रावर ती खूण उमटते. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी 1975 मध्ये अशी खूण नोंदवली होती. लाबर्जने स्टॅनफर्डमध्ये स्वतःवर आणि इतरांवर तेच करून 1981 मध्ये छापलं. माझ्यासारख्या संशयी माणसाला एवढं पुरतं.

त्याची पद्धतही साधी आहे. पाचेक तास झोपून उठायचं, नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं, आणि पुढच्या स्वप्नात मला भान येईल असं मनाशी ठरवून पुन्हा झोपायचं. येताना दूध आणायचं लक्षात ठेवतो, तशीच ही आठवण. पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढत जाते, म्हणून ती वेळ. वाचताना मला हसू आलं. रमजानमध्ये सेहरीला उठून, फजर पढून पुन्हा आडवे होतो तेव्हा स्वप्नं किती लख्ख पडतात, हे आपल्यातल्या कुणालाही विचारा. आणि 'मनाशी ठरवणं' याला आपल्याकडे शब्द आहेच, नियत.

तेनझिन वांग्याल रिनपोछे यांचं तिबेटी स्वप्नयोगावरचं पुस्तकही चांगलं आहे. पण ती त्यांची साधना आहे. कुणी आपली नमाज पाठदुखीचा व्यायाम म्हणून शिकवली तर जसं वाटेल, तसं तिचं तंत्र तेवढं उचलताना मला वाटतं. रॉबर्ट वॅगनर दुसरं पुस्तक म्हणून वाचावा, पहिलं म्हणून नको. अल्झायमरच्या गोळ्या स्वप्नांसाठी सुचवणारी पुस्तकंही आहेत. ती घेऊ नकोस, असं भाच्याला स्पष्ट सांगितलं. आणि ज्याची झोप आधीच मोडकी आहे किंवा मानसिक आजाराचा उपचार चालू आहे, त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

हे सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "तुला हे हवंय कशाला?" म्हणाला, "अम्मीला भेटायचंय."

त्याची अम्मी म्हणजे माझी आपा. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

हदीसमध्ये स्वप्नं तीन प्रकारची सांगितली आहेत: अल्लाहकडून खुशखबर, सैतानाने घातलेली भीती, आणि माणसाच्या स्वतःच्या मनातल्या गोष्टी. ठरवून पाडलेलं स्वप्न मी तिसऱ्या खान्यात टाकतो. इब्न खल्दूनने मुकद्दिम्यात हीच गाठ सोडवली आहे. झोपण्यापूर्वी म्हणायचे काही शब्द त्याने स्वतः वापरून पाहिले, त्याला अजब स्वप्नं पडलीही. तरीही तो म्हणतो की शब्दांनी मनाची तयारी होते, दर्शन मागून मिळत नाही. 1377 मधला माणूस आजच्या निम्म्या लेखकांपेक्षा सावध आहे.

तेच मी भाच्याला सांगितलं. बाबा रे, तिथे आपा दिसली तरी ती तुझ्या आठवणीतली असेल. तुला ठाऊक नसलेलं ती काही सांगणार नाही. तिने काही सांगितलं म्हणून लग्नाचे, पैशाचे निर्णय घेऊ नकोस. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तेवढंच पुरे आहे, मामू. तिचा आवाज आठवेनासा झालाय." मला आवाज आठवतो, पण तो त्याला कसा देणार? पुस्तक मीच मागवून दिलं.

पहिलं काम वही. उठल्या उठल्या, मोबाइल हातात घ्यायच्या आधी लिहायचं. लाबर्ज सांगतो की वहीत पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट शोधा, तीच तुमची स्वप्नखूण. भाच्याच्या वहीत अम्मी अजून एकदाही नाही. आहे ती सुटलेली एसटी, आठवड्यातून दोन-तीनदा. तेव्हा आता तो जागेपणी स्वारगेटवरून जाताना थांबतो आणि 'हे स्वप्न तर नाही?' असं स्वतःला विचारून गाडीवरची पाटी दोनदा वाचतो. स्वप्नात अक्षरं दुसऱ्यांदा वाचताना बहुधा बदलतात. अजून तरी मिरजचं मिरजच राहिलंय.